समोरचा शॉकअप : अंदाजाने नको, मापाने बदला



वखराची पास किती झुकवायची, तिफणीचा फण किती खोल घालायचा, हे कोणत्याही कारखान्याने आपल्याला छापून दिलेले नाही. जमीन भारी असेल तर एक रीत, मुरमाड असेल तर दुसरी. ओल पाहून, बैल पाहून आपण अवजार जुळवून घेतो. तेच आपण दाराशी उभ्या असलेल्या मोटारसायकलपुढे मात्र हात जोडून उभे राहतो. कंपनीने दिला तो शॉकअप, मिस्त्री म्हणेल ती पूर्व दिशा. समोरून ठाक ठाक आवाज आला की गाडी गॅरेजला, आणि दोनचारशे रुपये मोजून परत तीच ठाक ठाक घरी.

या लेखात समोरच्या शॉकअपबद्दल दोन गोष्टी मांडायच्या आहेत. पहिली, समोरचा शॉकअप आपल्या वाटेला आणि आपल्या बोजाला जुळवून घेणे हा शेतकऱ्याचा चैनीचा नव्हे, गरजेचा विषय आहे. दुसरी, ते काम आज गावोगाव ज्या पद्धतीने चालते ती पद्धत धोक्याची आहे आणि ती बदलली पाहिजे.

पांदण आणि डांबर

बैलजोडी आता दर दहा घरांमागे किती उरली हे ज्याने त्याने आपल्या गावात मोजावे. वावरात जायचे साधन आज मोटारसायकल आहे. फवारणीचा पंप तिच्यावर, युरियाची ४५ किलोची गोणी तिच्यावर, वेचणीच्या बाया सोडायला तीच, दवाखान्यात न्यायलाही तीच. आणि ही गाडी चालते कशावरून? काळ्या जमिनीच्या पांदणीवरून. पावसाळ्यात तिथे चिखल, आणि दिवाळीनंतर बैलगाडीच्या व ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या वाळून दगडासारख्या कडक होतात. चाक चाकोरीत पडले की हँडल हातचे सुटते. समोरचा शॉकअप तळाला आपटला की पुढचे चाक क्षणभर जमिनीवरून उचलते, आणि जमिनीवर नसलेल्या चाकाला ना ब्रेक लागतो ना वळण. मागे बसलेली बाई पडते ती अशा वेळी. मनगट, खांदा, गळपट्टीचे हाड मोडते आणि ऐन वेचणीत घरातले दोन हात महिनाभर बसून राहतात. शॉकअपचा प्रश्न असा घरादारापर्यंत येतो.

कंपन्या या वाटेसाठी गाड्या करतच नाहीत असे नाही. २०११ साली हिरोने इम्पल्स नावाची १५० सीसीची उंच गाडी काढली. ती पुढे बंद झाली. २०१९ साली एक्सपल्स २०० आली. पुढचे चाक २१ इंची, मागचे १८ इंची, आणि समोरचा शॉकअप १९० मिलिमीटर खालीवर होणारा. २०२३ साली त्याच गाडीचा ‘प्रो’ म्हणून प्रकार निघाला, त्यात हा प्रवास २५० मिलिमीटर. आपल्या भागातली पुष्कळ तरुण पोरे जुनी इम्पल्स किंवा एक्सपल्स धुंडाळून विकत घेतात ती उगीच नव्हे. पांदणीला असली गाडीच लागते, हे त्यांनी ओळखले आहे.

पण एवढ्याने भागत नाही. उंच शॉकअप म्हणजे चांगला शॉकअप, हा शहरातल्या हौशी मंडळींचा हिशेब आहे. त्या ‘प्रो’ गाडीची बैठक ८९१ मिलिमीटर उंच, म्हणजे जवळजवळ तीन फूट. चिखलात पाय टेकायचा, मागे लुगडे नेसलेली बाई एका बाजूला बसलेली आणि मध्ये गोणी. अशा वेळी तीन फुटांची बैठक काय कामाची? आपल्याला उंची नको, आपल्या बोजाला पुरेल अशी ताकद हवी. एकट्या माणसाला डोळ्यासमोर ठेवून बसवलेली स्प्रिंग आपला संसार पेलत नाही, दुखणे हे आहे.

शॉकअपच्या पोटात काय असते

हे एकदा नीट समजून घेतले की पुढचे सगळे सोपे आहे. समोर दोन पाय असतात. वरचा गुळगुळीत पाईप ‘टी’मध्ये आवळलेला असतो, खालचा बॉटम चाकाच्या आसाला धरलेला असतो, आणि पाईप बॉटमच्या आत खालीवर सरकतो. प्रत्येक पायात एक लांब स्प्रिंग, थोडे तेल आणि वर कोंडलेली हवा. स्प्रिंगचे काम बोजा उचलून धरणे. तेलाचे काम वेगळे. आत एका दांड्याला बारीक भोके असतात, खालीवर होताना तेल त्या भोकांतून ढकलले जाते आणि त्यामुळे स्प्रिंगची उसळी आवरली जाते. तेल नसेल तर गाडी खड्ड्यानंतर चार वेळा नाचेल.

तेलाच्या लगामाचा हा शॉकअप काही कालचा नाही. जर्मनीच्या बीएमडब्ल्यू कंपनीने १९३५ साली तो विकाऊ गाडीवर बसवला आणि बारीक भोकांच्या दांड्याची साधी बनावट आजही आपल्या बहुतेक लहान गाड्यांवर चालते. म्हणजे यात गूढ असे काही नाही. बोजा पेलते ती स्प्रिंग, उसळी आवरते ते तेल. या दोन कामांची गल्लत झाली की सगळे बिघडते, आणि गावच्या गॅरेजात नेमकी हीच गल्लत होते.

गावात चालणारे तीन उपाय

पहिला उपाय जाड तेलाचा. शॉकअप तळाला लागतो म्हणून मिस्त्री आतले पातळ तेल काढून इंजिनचे २०डब्ल्यू-५० ओततो. दोन दिवस गाडी कडक वाटते आणि गिऱ्हाईक खूश होते. पण बोजा तेल उचलत नाही. उभ्या गाडीवर गोणी ठेवली की ती पूर्वीइतकीच खाली बसते. उलट बारीक भोकांतून तेल ढकलताना चाल दुप्पट झाली की विरोध चौपट होतो. जाड तेलात तर तो आणखी वाढतो. वाळलेल्या चाकोरीवर चाक जोरात आदळते तेव्हा तेलाला भोकातून जायला वेळच मिळत नाही आणि शॉकअप लाकडासारखा होतो. तो धक्का सरळ मनगटात. शिवाय दाबलेली स्प्रिंग सावकाश उघडते, तोवर पुढचा खड्डा येतो. चार खड्ड्यांत शॉकअप दबत दबत तळाशी जाऊन बसतो. दुखणे एका जागी, मलम दुसरीकडे, असा हा प्रकार.

दुसरा उपाय वायसर किंवा नळीचा तुकडा घालून स्प्रिंग दाबण्याचा. हा उपाय चुकीचा नाही, अर्धवट समजलेला आहे. तुकडा घातल्याने स्प्रिंग कडक होत नाही. ती तीच राहते, फक्त गाडी समोरून तेवढी वर उचलली जाते. गाडी जास्त बसत असेल तर त्याचा उपयोग होतो. पण स्प्रिंगच मुळात कमजोर असेल तर तुकड्यांवर तुकडे घालून काही साधत नाही. मोकळी गाडी ताठ उभी राहते आणि बोजा आला की पूर्वीसारखीच तळ गाठते.

तिसरा उपाय स्प्रिंग कापण्याचा. स्प्रिंग कापली की ती मऊ होते असे पुष्कळांना वाटते. खरे उलटे आहे. ४० वेढ्यांच्या स्प्रिंगचे ४ वेढे कमी केले तर ताकद सुमारे ११ टक्क्यांनी वाढते, कारण तोच भार आता कमी वेढ्यांनी वाटून घ्यायचा असतो. कमी झालेली लांबी नळीच्या तुकड्याने भरून काढावी लागते. जाणता कारागीर हे करू शकतो. पण गॅसने कापली तर तारेचे पाणी उतरते आणि टोक वाकडे राहून आतला पाईप खरवडते. कापायचीच तर ती पातळ चाकीच्या ग्राइंडरने, गरम होऊ न देता, टोक सपाट करून.

दुसऱ्या गाडीची स्प्रिंग ‘दिसायला तशीच आहे’ म्हणून घालण्याची चालही बरी नव्हे. स्प्रिंगची ताकद तारेच्या जाडीच्या चौथ्या घातावर जाते. वेढा तेवढाच रुंद ठेवून तार ४ मिलिमीटरऐवजी ४.२ झाली, म्हणजे डोळ्याला न दिसणारा फरक पडला, तर ताकद सुमारे २२ टक्क्यांनी वाढते. डोळ्याने हा फरक कळत नाही, कॅलिपर लागते.

मोजायचे कसे

याला लागते काय? एक टेप, एक मदतनीस आणि पाव तास.

पुढचे चाक जमिनीवरून उचला, म्हणजे शॉकअप पूर्ण उघडतो. चाकाच्या आसापासून टीच्या खालच्या कडेपर्यंत अंतर मोजा. मग गाडी जमिनीवर घ्या, रोजचा बोजा ठेवा, रोज बसणारा माणूस बसवा, आणि तेच अंतर पुन्हा मोजा. दोहोंतला फरक म्हणजे गाडी किती बसते ते. एकदा समोरून दाबून सोडून मोजा, एकदा उचलून सोडून मोजा आणि मधला आकडा धरा, कारण सीलच्या घर्षणाने थोडा फरक पडतोच.

हा फरक शॉकअपच्या एकूण प्रवासाच्या पाव ते तिसरा हिस्सा असावा. १९० मिलिमीटर प्रवासाच्या गाडीत तो ४८ ते ६३ मिलिमीटर येतो. समजा तुमची गाडी ७५ बसते. मग दोन्ही पायांत १५ मिलिमीटर लांबीचा तुकडा घाला, ती ६० वर येईल. तुकडा जाड भिंतीच्या पीव्हीसी नळीचा चालतो, मात्र दोन्ही टोके काटकोनात कापलेली आणि स्प्रिंगकडच्या बाजूला पोलादी वायसर असले पाहिजे. आता माणूस उतरवून मोकळ्या गाडीचा फरक पाहा. स्वतःच्या वजनाने ती थोडी तरी बसली पाहिजे. मोकळी गाडी अजिबात बसत नाही आणि बोज्याने मात्र मर्यादेबाहेर बसते, असे असेल तर स्प्रिंग कमजोर आहे असे समजा. तिथे तुकडा नव्हे, जास्त ताकदीची स्प्रिंगच हवी.

आणखी एक हिशेब विसरू नये. स्प्रिंगचे एकूण वेढे गुणिले तारेची जाडी, ही तिची पूर्ण मिटलेली लांबी. शॉकअप पूर्ण उघडा असताना आत बसलेल्या स्प्रिंगची जी लांबी असते तिच्यातून पूर्ण प्रवास वजा करा. उरलेला आकडा मिटलेल्या लांबीपेक्षा मोठाच असला पाहिजे. नसेल तर तळाला लागण्याआधी वेढ्यावर वेढा बसेल आणि मोठ्या धक्क्याला काहीतरी मोडेल.

तेलाचे म्हणाल तर गाडीच्या पुस्तकात सांगितलेल्या जातीचेच घाला, आणि दोन्ही पायांत सारखे. त्याची पातळी स्प्रिंग बाहेर काढून, पाय पूर्ण दाबून, पाईपच्या वरच्या कडेपासून मोजतात. तेलाच्या वर कोंडलेली हवा ही जणू दुसरी स्प्रिंग असते. सुरुवातीला मऊ आणि शेवटी कडक. म्हणून बाकी सगळे बरोबर असूनही मोठ्या खड्ड्यात तळ लागत असेल तर पातळी १० मिलिमीटरने वाढवून पाहावी. एका वेळी त्याहून जास्त नको. हवेला जागाच उरली नाही तर ऑईल सील फुटते, आणि गळालेले तेल ब्रेकच्या चकतीवर गेले तर ब्रेक लागत नाही.

काम करताना गाडीचा पुढचा भाग पक्क्या आधारावर हवा. वरचे टोपण खोलताना तोंड त्याच्यावर नेऊ नये. दाबलेली स्प्रिंग टोपणासकट डोळ्यावर येते. परत जोडताना आसाचा शेवटचा बोल्ट आवळण्याआधी शॉकअप चारपाच वेळा दाबून घ्यावा, म्हणजे दोन्ही पाय एका रेषेत बसतात. गाडी उंच झाली असेल तर हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून ब्रेकची नळी आणि केबल ताणत नाहीत ना, हे पाहावे. आणि पाईपवर मातीपासून रक्षणाला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळण्याची रीत सोडावी. आत चिखल आणि पाणी कोंडून पाईप गंजतो. घडीचे रबरी बूट मिळतात, ते बरे.

कुठे थांबायचे

काही तरुण याच्या पुढे जातात. भंगारातून मोठ्या गाडीचा पूर्ण शॉकअप, टी आणि चाकासकट आणून लहान गाडीला जोडतात. हौस समजू शकते, पण याला माझा विरोध आहे. समोरचा भाग लांब झाला की गाडीचा पुढचा कोन बदलतो आणि वळण जड होते. लहान गाडीची चौकट, कोनसेट आणि जोड त्या ताणासाठी केलेले नसतात. आणि इथे कायदाही आडवा येतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ चा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये सांगितले की, नोंदणीपत्रातील तपशिलाशी आणि उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल वाहनात करता येत नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ आले. परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला त्यात दर बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात. अपघात झाला तर विम्याच्या दाव्यात हाच मुद्दा पुढे केला जाण्याची भीती वेगळीच.

कोणी म्हणेल, मग शॉकअपला हातच लावू नका. ते मला मान्य नाही. तेल बदलणे, झिजलेली स्प्रिंग बदलणे ही देखभाल आहे. पण देखभाल कुठे संपते आणि बदल कुठे सुरू होतो, याची रेषा शेतकऱ्याला कोणी समजेल अशा भाषेत आखून दिलेली नाही. चाळीस हजारांची जुनी गाडी वापरणाऱ्याने १५ मिलिमीटरच्या नळीच्या तुकड्यासाठी वकील गाठायचा काय?

दुसरा एक आक्षेप कार्यकर्त्यांकडूनच येतो. शॉकअप कसले बदलता, रस्ता मागा. रस्ता मागायचाच आहे. पाणंद रस्त्यांसाठी राज्य सरकारची मातोश्री ग्रामसमृद्धी योजना २०२१ साली आली. आपल्या गावाच्या किती पांदणी त्यात खडी-मुरमाच्या झाल्या, हा प्रश्न ग्रामसभेत विचारलाच पाहिजे. पण प्रस्ताव, मोजणी, धुऱ्यावरचे भांडण, निधी, या सगळ्यातून रस्ता येईपर्यंत गाडी उद्या सकाळी त्याच चाकोरीतून जाणार आहे. घराच्या नव्या छपराची वाट पाहताना आपण गळती जागा बुजवायची थांबत नाही. दोन्ही कामे बरोबर चालतात.

मागणी कोणाकडे, काय

मोटारसायकल कंपन्यांकडे मागणी अशी की, प्रत्येक लहान गाडीसाठी समोरची जास्त ताकदीची एक स्प्रिंग मान्यताप्राप्त सुटा भाग म्हणून काउंटरवर ठेवा, आणि स्प्रिंगची ताकद, तेलाची जात व पातळी हे आकडे गाडीच्या मराठी पुस्तकात छापा. बियाण्याच्या पाकिटावर उगवणशक्ती छापावी लागते, मग गाडीचा आकडा गुपित कशाला?

परिवहन खात्याकडे मागणी अशी की, शॉकअपमध्ये काय केलेले चालते आणि काय चालत नाही, याचे एक साधे परिपत्रक मराठीत काढा आणि तालुक्यातल्या गॅरेजवाल्यांपर्यंत पोचवा.

आणि मागणी आपल्याकडेही आहे. मिस्त्रीला ‘कडक करून दे’ एवढेच सांगून चहाला जायचे दिवस संपले पाहिजेत. किती बसते ते विचारा, टेप लावायला सांगा, कोणते तेल ओतले त्याचा डबा पाहा. जो मिस्त्री मोजून काम करतो त्याला दोन पैसे जास्त द्या. असा कारागीर गावात टिकला तर आपलाच फायदा आहे. गोणी मागच्या कॅरिअरवर चाकाच्या मागे लोंबत ठेवू नका. तिथे ती समोरचे चाक हलके करते आणि मग कोणताच शॉकअप कामाचा राहत नाही. आणि शॉकअप सुधारला म्हणजे गाडीची बोजा वाहण्याची मर्यादा वाढली असे समजू नका. ती चौकटीची आणि टायरची आहे, स्प्रिंगची नाही.

मृग लागायला आला की आपण तिफण बाहेर काढतो, खिळे ठोकतो, दोर तपासतो. यंदा त्याच दिवशी गाडीही अंगणात घ्यावी आणि पहिला आकडा भिंतीवर खडूने लिहावा. जिल्हा बैठकीला येताना तो आकडा घेऊन या. एकाच गाडीचे पन्नास गावांतले पन्नास आकडे एका कागदावर आले, तर कंपनीपुढे आणि खात्यापुढे ठेवायला आपल्या हातात तक्रारीऐवजी हिशेब असेल.